धूळ, केर, निरोप

सूझन सॉन्टॅग यांचे ‘इलनेस ॲज मेटॅफर’ हे छोटेखानी पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी काही वर्षे त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांतून गेल्या होत्या. पण पुस्तकात त्यांनी आपल्या आजाराची कहाणी सांगितली नाही; आजाराच्या भाषेची चिकित्सा केली. क्षय हा हळव्या, कलावंत वृत्तीच्या माणसांचा रोग आणि कर्करोग हा भावना दाबून ठेवणाऱ्यांचा रोग, अशा समजुती रुग्णाच्या दुखण्यात अपराधाची भर घालतात. ‘आक्रमण’, ‘झुंज’, ‘शत्रू’ ही युद्धाची परिभाषा उपचारांकडे पाहण्याची दृष्टीही लष्करी करून टाकते. तेव्हा आजाराकडे शक्य तितक्या रूपकमुक्त नजरेने पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. साहित्याच्या अभ्यासकांना हा युक्तिवाद परिचित आहे, आणि रुग्णाच्या बाजूने पाहिले तर तो आजही तितकाच रास्त वाटतो.

मराठीत मात्र हा आग्रह पाळणे रोगाच्या नावापासूनच अवघड होऊन बसते. ‘कर्क’ म्हणजे खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, असे ग्रीक परंपरेतील वैद्यांनी म्हटले. ते नाव लॅटिनच्या वाटेने युरोपीय भाषांत गेले आणि अर्वाचीन काळात आपण त्याचे संस्कृतात रूपांतर करून घेतले. सुश्रुतसंहितेतला ‘अर्बुद’ हा शब्द आपल्यापाशी होता. तो गाठीपुरता उरला आणि रोगाचे नाव खेकड्याकडे गेले. म्हणजे रोगाचे नुसते नाव उच्चारले तरी एक रूपक उच्चारले जातेच.

रूपक रुग्णाच्या खाटेपाशी अपाय करू शकते, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ते प्रयोगशाळेत काय करते? या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका लहानशा इतिहासात शोधू पाहतो. हा इतिहास आहे पेशींनी आपल्या अंगापासून वेगळ्या करून बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांचा. शास्त्रीय परिभाषेत त्यांना ‘पेशीबाह्य पुटिका’ म्हणता येईल. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या पुटिकांपैकी पुष्कळशा ३० ते १५० नॅनोमीटर एवढ्या असतात, काही त्याहून मोठ्या. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत. भोवती पेशीच्याच आवरणासारखे स्निग्ध आवरण, आणि पोटात पेशीतील प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि आरएनएचे तुकडे. गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत त्यांना निरनिराळ्या वेळी ‘धूळ’, ‘केर’ आणि ‘निरोप’ अशा तीन दृष्टींनी पाहिले गेले. वस्तू तीच होती; शब्द बदलला तसतसे तिच्यात काय पाहावयाचे आणि तिचे काय करावयाचे, हे बदलत गेले.

कथेला सुरुवात मात्र पुटिकांच्या पुष्कळ आधी, शेतीतल्या एका रूपकापासून करावी लागते. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवचिकित्सेच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या होत्या. प्रश्न साधा होता: मूळ गाठीपासून निघालेला रोग शरीरात दुसरीकडे कोठे रुजतो? केवळ रक्तप्रवाहाने नेईल तेथे तो रुजत असेल, तर यकृत आणि प्लीहा या दोन्ही अवयवांना त्याची बाधा सारख्याच प्रमाणात व्हावयास हवी होती. नोंदी वेगळेच सांगत होत्या. यकृतात दुय्यम गाठी वारंवार आढळत होत्या, प्लीहेत क्वचित. पॅजेट यांनी निष्कर्ष काढला तो बियाण्याच्या आणि जमिनीच्या भाषेत. वनस्पतीचे बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण उगवते ते त्याला मानवणाऱ्या जमिनीतच. नेत्रवैद्य अर्न्स्ट फुक्स यांनी आपल्या आधी असाच विचार मांडल्याचे त्यांनी नमूद केले आहे. बियांचा अभ्यास करणारे पुष्कळ आहेत, जमिनीच्या गुणधर्मांचाही अभ्यास व्हावयास हवा, असा त्यांच्या निबंधाचा रोख होता.

सॉन्टॅग यांनी दाखवलेला धोका येथेही संभवतो. ‘जमीन’ या शब्दाचा अर्थ रुग्णाची प्रकृती, त्याचा स्वभाव, त्याचे जगणे असा कोणी केला, तर दोष पुन्हा रुग्णाकडेच जातो. पण पॅजेट यांची जमीन म्हणजे माणूस नव्हे. यकृत, हाड, फुप्फुस हे अवयव होत. त्यांचे रूपक नोंदींच्या आकड्यांतून निघाले होते आणि आकड्यांनीच ते खोडून काढता आले असते. याला आम्ही कामाचे रूपक म्हणतो. ते काहीतरी असे विधान करते की जे चुकीचे ठरू शकते.

हे रूपक दीर्घकाळ मागे पडले. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी १९२८ मध्ये शरीराच्या वाहिन्यांच्या रचनेवर भर दिला: रक्त आणि लसीका यांचे प्रवाह जिकडे नेतील तिकडे पेशी जाऊन अडकतात, त्यासाठी जमिनीच्या गुणाची कल्पना करण्याचे कारण नाही. शेतीच्या जागी नळकाम आले असे म्हणता येईल. पुढे १९८० मध्ये इयन हार्ट आणि आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या शरीरात फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे रोपले आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडल्या. गाठी उंदरांच्या फुप्फुसांत आणि रोपलेल्या फुप्फुसाच्या व अंडाशयाच्या तुकड्यांत वाढल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यांत वाढल्या नाहीत. रक्त सर्वत्र पोहोचले होते, रुजवण सर्वत्र झाली नव्हती. पॅजेट यांची जमीन परत आली. पण बी आणि जमीन यांचे एकमेकांशी काय बोलणे होते, आणि ते कशाच्या द्वारे, हे त्या रूपकात नव्हते. शेतीच्या रूपकात जमीन आधीपासून तयार असते. बियाणे ती तयार करू शकत नाही. ही त्या रूपकाची मर्यादा पुढे महत्त्वाची ठरली.

आता दुसरा धागा. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट रक्त गोठण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करीत होते. रक्तातील पेशी काढून टाकल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, त्याला त्यांनी सेंट्रिफ्यूज यंत्रात अतिवेगाने फिरवले. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३१,००० पट जोराने. तळाशी जो अगदी बारीक साका बसला, त्यात रक्त गोठवण्याची तीव्र शक्ती होती. तो काढून घेतलेला द्रव मात्र फार उशिरा गोठत होता. पेशी नसलेल्या द्रवातही काही कणरूप पदार्थ आहे, हे यावरून दिसले. रक्तपेशींचे बारीक तुकडेही या साक्यात असू शकतील, एवढी शक्यता नोंदवून ते थांबले.

हे शारगाफ म्हणजे डीएनएतील घटकांच्या प्रमाणांचे नियम शोधणारे तेच शारगाफ. वाचकांना त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. व्हिएन्नात तरुणपण घालवलेले हे रसायनशास्त्रज्ञ कार्ल क्राउस या जर्मन भाषेच्या कठोर परीक्षकाचे भक्त होते, आणि १९७८ मध्येच, म्हणजे सॉन्टॅग यांच्या पुस्तकाच्याच वर्षी, त्यांचे ‘हेराक्लिटियन फायर’ हे आत्मपर पुस्तक आले. विज्ञानाच्या भाषेतील सैलपणाबद्दल ते आयुष्यभर बोचरे लिहीत राहिले. अशा शब्दनिष्ठ माणसाच्या हाताखालून हा साका गेला आणि त्याला नाव मिळाले नाही, हा योगायोग आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. नाव नसलेली वस्तू प्रयोगाच्या वहीत राहते. तिच्यामागे कोणी जात नाही.

नाव मिळाले १९६७ मध्ये. ब्रिटनमध्ये पीटर वुल्फ यांनी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने दाखवले की हे कण प्लेटलेटपासून, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंपासून, निघालेले आहेत. त्यांनी त्यांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटले. शब्द चपखल होता आणि प्रामाणिकही. धुळीइतके बारीक असे काहीतरी खरोखरच दिसले होते. पण धूळ या शब्दाला आपले एक वळण आहे. धूळ झिजेतून होते. ती कोणी कोणाला पाठवत नाही. तिच्याकडे पाहून मनात येतो तो प्रश्न ‘कशाची?’ असा असतो, ‘कोणासाठी?’ असा नसतो.

दुसरा शब्द १९८३ नंतर रूढ झाला. त्या वर्षी दोन गटांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच गोष्ट पाहिली. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात रोझ जॉन्स्टोन आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम करीत होते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फिलिप स्टाल यांचा गट उंदराच्या तशाच पेशींवर. तांबडी पेशी तयार होत असताना तिला लोह लागते. ते आत घेण्यासाठी तिच्या आवरणावर ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाला धरून ठेवणारी ग्राही प्रथिने असतात. पेशी परिपक्व झाली की या ग्राहींचे काम संपते आणि ती नाहीशी होतात. ती पेशीच्या आतच पचवली जात असावीत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पेशी त्यांना आधी आत ओढून घेते, आतील एका मोठ्या पिशवीत लहान लहान पुटिकांच्या रूपाने साठवते आणि मग ती मोठी पिशवी पेशीच्या आवरणाला मिळून आतल्या पुटिका बाहेर सांडतात, असे दिसून आले. १९८७ मध्ये जॉन्स्टोन यांनी या पुटिकांसाठी ‘एक्झोसोम’ हे नाव वापरले आणि ते टिकले.

नाव टिकले, अर्थ मात्र केराचाच घेतला गेला. त्यातही गैर काही नव्हते, कारण अपक्व तांबड्या पेशीच्या बाबतीत ते वर्णन बरेचसे खरे होते: घर लावून झाल्यावर उरलेले सामान ती बाहेर टाकत होती. अडचण अशी की एका पेशीचे खरे वर्णन सर्व पेशींच्या पुटिकांचे वर्णन होऊन बसले. पुढची जवळजवळ बारा वर्षे या विषयाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. केर हा शब्द धुळीहून एक पाऊल पुढे होता. यात टाकणारा कोणीतरी आहे, टाकण्याची व्यवस्था आहे. घेणारा मात्र अजून नव्हता.

घेणारा आला १९९६ मध्ये. ग्रासा रापोझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये दाखवले की रोगप्रतिकार यंत्रणेतील बी पेशी अशाच पुटिका बाहेर सोडतात, त्यांच्या अंगावर परक्या पदार्थाचा नमुना धरलेला असतो, आणि तो पाहून टी पेशी चेतवल्या जातात. पेशी सोडते ते दुसरी पेशी वाचते, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आले. १९९८ मध्ये लॉरेन्स झिटव्होगेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये अशा पुटिकांच्या साहाय्याने गाठी मागे हटवून दाखवल्या. मग २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून हादी वालादी, यान ल्योटवाल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी उंदराच्या मास्ट पेशींच्या पुटिका मानवी मास्ट पेशींना दिल्या, आणि मानवी पेशींत उंदराची प्रथिने तयार झालेली आढळली. पुटिकांत आरएनए होते, आणि ते दुसऱ्या पेशीत जाऊन वाचले गेले होते. यानंतर ‘निरोप’ हा शब्द टाळणे कोणालाच शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जनुकविज्ञान लिपी, प्रत, भाषांतर अशा लेखनाच्या शब्दांतच बोलत आले आहे. आता त्या लेखनाला टपालही मिळाले.

कर्करोगाच्या अभ्यासात या शब्दाने जणू दारच उघडले. २००८ मध्ये बोस्टन येथील गटाने ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीतील पुटिका तपासल्या. त्या गाठीच्या एका विशिष्ट विकृत जनुकाचा आरएनए २५ पैकी ७ रुग्णांच्या रक्तद्रवातील पुटिकांत सापडला. म्हणजे कवटी न उघडता गाठीची खूण हाती येण्याची शक्यता निर्माण झाली. त्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये यानुश राक यांच्या गटाने दाखवले की तेच विकृत प्रथिन पुटिकांतून शेजारच्या, तुलनेने कमी आक्रमक कर्कपेशींकडे जाते आणि त्यांची वागणूक बदलते. ज्या शहरात पुटिका केराच्या अर्थाने नावारूपाला आली, त्याच शहरात ती वाण लावणारी ठरली.

यापुढे दोन्ही धागे एकत्र येतात. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले होते की उंदरांत कर्कपेशी दूरच्या अवयवात पोहोचण्याच्या आधीच तेथे अस्थिमज्जेतील काही पेशी गोळा होऊन जागा तयार करतात. ही तयारी करवून घेते कोण? २०१२ मध्ये त्याच गटाने मेलॅनोमाच्या पुटिका अस्थिमज्जेतील पेशींचे वर्तन बदलतात असे मांडले. २०१५ मध्ये त्यांनी आणखी पुढचा भाग दाखवला. पुटिकांच्या आवरणावर इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात; त्यांचे काही प्रकार असले तर पुटिका फुप्फुसात उतरतात, दुसरा प्रकार असला तर यकृतात. फुप्फुसाकडे जाणाऱ्या पुटिका उंदरांना आधी दिल्या, तर एरवी हाडाकडे जाणाऱ्या कर्कपेशीही फुप्फुसात रुजल्या. पॅजेट यांच्या रूपकात जे नव्हते ते येथे होते: हे बियाणे आधी जमिनीची मशागत करवून घेते आणि मग येते. १८८९ चे रूपक खोटे ठरले नाही; त्याची चौकट मोडून ते मोठे झाले.

मात्र हे सारे ज्या पेशींवरून शिकलो, त्या पेशी कोठे वाढवलेल्या होत्या, हा प्रश्न विचारल्यावाचून ही कथा पूर्ण होत नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिच्या संमतीवाचून घेतलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि वाढतच राहिल्या. मानवी कर्कपेशींची काचपात्रातील ही पहिली अखंड परंपरा. याच गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून कमल रणदिवे मुंबईस परतल्या. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पेशी शरीराबाहेर जगवण्याची ही विद्या मराठी माणसाच्या हातून या देशात रुजली, हे येथे नोंदवणे केवळ अभिमानापोटी नव्हे. पुढची सारी चर्चा त्याच विद्येच्या सामर्थ्याविषयी आणि मर्यादेविषयी आहे.

काचेच्या वा प्लास्टिकच्या सपाट तळाला चिकटून, एका थरात वाढणारी पेशी हेही एक रूपकच आहे. फक्त ते शब्दांत नसून वस्तूंत मांडलेले आहे. ‘पेशी म्हणजे एकटी पेशी’ असे ते म्हणते. तिला भोवताल नाही, वर-खाली नाही, शेजार आहे तो फक्त आपल्यासारख्यांचाच. या रूपकाला आव्हान देणाऱ्यांत मीना बिसेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. तेहरानमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातील बर्कले येथे काम केलेल्या या संशोधिकेने १९८२ मध्ये मांडले की पेशीभोवतीचे आधारद्रव्य आणि पेशीतील जनुके यांच्यात दुतर्फा देवाणघेवाण चालते. १९८४ मध्ये त्यांनी दाखवले की कोंबडीत गाठी उठवणारा राऊस विषाणू अगदी कोवळ्या भ्रूणात सोडला तर गाठ होत नाही. पण त्याच भ्रूणाच्या पेशी काढून काचपात्रात ठेवल्या की त्या कर्कपेशींसारख्या वागू लागतात. विषाणू तोच, जनुक तेच, संदर्भ बदलला. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने स्तनाच्या कर्कपेशी त्रिमितीत, मऊ आधारद्रव्यात वाढवल्या आणि भोवतालाचा संकेत पकडणाऱ्या एका इंटेग्रिनला प्रतिपिंडाने अडवले. पेशींनी निरोगी स्तनग्रंथीसारखी सुघड, पोकळ रचना धारण केली. जनुकांतील बिघाड जसाच्या तसा होता.

त्रिमितीत वाढवलेल्या गाठींची परंपरा याआधीच सुरू झाली होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट सदरलँड यांनी पेशींचे लहान गोलक वाढवले. त्यांच्या मध्यभागी प्राणवायू पोहोचत नाही आणि पेशी मरतात, खऱ्या गाठीत घडते तसेच. २००९ मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातील एका मूळपेशीपासून इवल्या आतड्यासारखी रचना वाढवली. २०११ मध्ये माणसाच्या मोठ्या आतड्यातील गाठींपासूनही अशा रचना वाढवता आल्या. यांना ऑर्गनॉइड म्हणतात. एका रुग्णाच्या गाठीचे प्रतिरूप प्रयोगशाळेत जिवंत ठेवता येते, त्यावर औषधे तपासता येतात. आता या गोलकांनी आणि ऑर्गनॉइडांनी सोडलेल्या पुटिका तपासल्या जातात, आणि तेथे एक मोलाची गोष्ट हाती आली आहे: त्याच कर्कपेशी सपाट तळावर वाढवल्या आणि त्रिमितीत वाढवल्या, तर त्यांच्या पुटिकांतील आरएनए आणि प्रथिने सारखी नसतात. जठराच्या कर्कपेशींवर असे अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे निरोप कोणत्या घरातून निघाला यावर निरोपातला मजकूर अवलंबून असतो.

या प्रतिमानांनाही स्वतःची गोम आहे. पेशी वाढवण्यासाठी पात्रात बहुधा गाईच्या गर्भाच्या रक्तातील द्रव घालतात. त्यात गाईच्या पुटिका आधीच असतात. कर्कपेशीचे टपाल तपासावयास बसावे आणि थैलीत गाईची पत्रे निघावीत, असा हा प्रकार. म्हणून तो द्रव आधी पुटिकांपासून मोकळा करून घ्यावा लागतो. आणि ज्या मऊ द्रव्यात ऑर्गनॉइड रुजवतात, ते मॅट्रिजेल उंदराच्या एका गाठीतूनच काढलेले असते. पॅजेट यांच्या भाषेत सांगावयाचे तर प्रयोगशाळेतील जमीन ही स्वतःच एका बियाण्याची देणगी आहे.

येथवर आल्यावर ‘निरोप’ या शब्दाचीही तीच तपासणी करावयास हवी, जी ‘धूळ’ आणि ‘केर’ यांची आपण केली. निरोप म्हटले की पाठवणाऱ्याचा हेतू आला. कर्कपेशीला हेतू नसतो. ती कोणाला ‘शिकवत’ नाही, ‘फितवत’ नाही. असे शब्द शास्त्रीय निबंधांतही सर्रास येतात, पण ते सोयीचे आहेत, वर्णनाचे नव्हेत. शिवाय निरोपात मजकूर किती? २०१४ मध्ये एका गटाने मोजमाप करून दाखवले की कोणताही एक सूक्ष्म-आरएनए घेतला, तर सरासरीने एका पुटिकेमागे त्याचा एक रेणूही भरत नाही. म्हणजे पुष्कळशी पाकिटे त्या मजकुरापुरती रिकामीच. मग परिणाम होतो तो मोजक्या भरलेल्या पाकिटांमुळे, की पाकिटाच्या आवरणामुळे, की मोठ्या संख्येमुळे? प्रयोगशाळेत पुटिकांचा जेवढा मोठा डोस पेशींना दिला जातो, तेवढा शरीरात मिळतो काय? हे प्रश्न ‘निरोप’ या शब्दाच्या तेजात काही काळ दिसेनासे झाले होते. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘एक्झोसोम’ हे नाव उगमाचा पुरावा असल्याशिवाय वापरू नये आणि ‘पेशीबाह्य पुटिका’ हे साधे नाव पत्करावे, असे सुचवले. नाव रुक्ष आहे. पण सिद्ध झाले आहे त्याहून अधिक काही ते सांगत नाही.

याची किंमत केवळ शास्त्रज्ञांना मोजावी लागते असे नाही. कर्करोगाविरुद्ध पुटिकांचीच लस करण्याच्या पहिल्या लहान चाचण्या २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या सुरक्षित ठरल्या. फुप्फुसाच्या कर्करोगावरील पुढच्या टप्प्याच्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला, तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट गाठता आले नव्हते. दुसरीकडे, ‘पेशींचा आरोग्यदायी निरोप’ अशा थाटात एक्झोसोम विकणारे दवाखाने निघाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला अशा उत्पादनांविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. काही रुग्णांना गंभीर अपाय झाला होता. ‘केर’ या शब्दाने एक क्षेत्र काही वर्षे मागे ठेवले, ‘निरोप’ या शब्दाने माणसांना सुई टोचून घ्यावयास लावले. अवास्तव अवमूल्यन आणि अवास्तव गौरव या दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट असते. शब्दाला वस्तूच्या जागी बसवलेले असते.

मग सॉन्टॅग यांचा आग्रह विज्ञानालाही लागू करावा काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि हा इतिहासच त्याचे कारण आहे. रूपकमुक्त अवस्था या कथेत एकदाच आढळते, १९४६ मध्ये. आणि तेव्हा साका तळाशी बसून राहिला. जमिनीचे रूपक नसते तर यकृत आणि प्लीहा यांतील फरक हा नुसता आकड्यांचा फरक राहिला असता. निरोपाचे रूपक नसते तर ‘वाचणारा कोण?’ हा प्रश्नच उद्भवला नसता. पण प्रत्येक रूपक एक प्रश्न देताना दुसरा प्रश्न झाकून ठेवते. झाकलेला प्रश्न उघडा पडला तो दर वेळी नव्या मोजमापाने किंवा नव्या प्रतिमानाने, आणि मग रूपक बदलावे लागले. सॉन्टॅग ज्या रूपकांवर रागावल्या होत्या ती अशी बदलत नाहीत. ‘झुंज’ या शब्दाला कोणत्याही रुग्णाचा मृत्यू खोटे ठरवू शकत नाही; तो फक्त रुग्णाला हरलेला ठरवतो. फरक रूपक आहे की नाही यात नाही. ते चुकीचे ठरण्याची जोखीम घेते की नाही, यात आहे.

साहित्याच्या वर्गात रूपक बहुधा सौंदर्याच्या किंवा अर्थाच्या अंगाने शिकवले जाते: ते किती नवे आहे, किती गहिरे आहे. या पुटिकांचा इतिहास आणखी एक कसोटी सुचवतो. एखादे रूपक वाचताना, ते आपल्याला कोणता प्रश्न विचारू देते आणि कोणता विचारू देत नाही, हे पाहावे. वर्तमानपत्रातील बातमी असो, औषधाची जाहिरात असो की रुग्णाच्या नातलगाने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले वाक्य असो, ही कसोटी तेथे उपयोगी पडेल. कर्कपेशी पुटिका सोडतात, त्या दुसऱ्या पेशींत शिरतात आणि त्यांत काही बदल घडवतात, एवढे निश्चित आहे. याला बोलणे म्हणावे की नाही, हे ठरवण्यासाठी ऐकणाऱ्या पेशीत नेमके काय घडले हे दर वेळी दाखवावे लागेल. आणि ते दाखवण्याचे काम आज कोठेतरी मऊ द्रव्यात वाढणाऱ्या, दाण्याएवढ्याही नसलेल्या गाठींवर चालू आहे.